पाण्याला पासबुक नसते

आमच्या गावच्या जलतरण तलावावर एक पाटी आहे. 'तलावात उतरण्यापूर्वी शॉवरखाली स्वच्छ आंघोळ करणे सक्तीचे आहे.' पाटी मोठी आहे, अक्षर सुवाच्य आहे आणि शॉवर चुकवून जाणाऱ्याला अगदी समोर दिसावी अशाच जागी ती लावलेली आहे. 'सक्तीचे' या शब्दाखाली रंगाऱ्याने स्वतःच्या हौसेने एक लाल रेघही ओढली आहे. तीन वर्षे मी या तलावावर जातो आहे, पण त्या रेघेला घाबरून कोणी साबण काढल्याचे मी पाहिलेले नाही.

सकाळी सहाची बॅच. शॉवरचे पाणी असे गार की पूर्वजन्म आठवावा. मग सभासद काय करतो? तोटी अर्धवट फिरवतो, ओंजळभर पाणी घेतो, डोळ्यांना लावतो, उरलेले टाळूवर थापतो. देवळात तीर्थ घेतात ना, तस्से. फक्त पीत नाही, इतकेच. पुढे पाय धुण्याचा छोटा हौद आहे. त्यात पाय बुडवला तर पाय घाण होतो अशी सार्वत्रिक समजूत असल्याने तो उडी मारून ओलांडायचा, आणि मग "जय बजरंगबली" म्हणून धपकन पाण्यात.

हे सगळे मी दुसऱ्यांविषयी सांगतो आहे असे समजू नका. यात मी आलोच. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ग्राहक सेवा सहयोगी म्हणतात. खुर्ची मात्र तीच आहे. त्या खुर्चीने पाठीचे वाटोळे केले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोहा." मी म्हटले, "रोज सकाळी खातो की." डॉक्टर हसले नाहीत. फी घेणारी माणसे सहसा हसत नाहीत. अशा रीतीने चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मासिक पास काढला, आणि आठवड्याभरात तीर्थ घ्यायला शिकलो. पोहायला शिकायला मात्र तीन महिने लागले.

फिल्टर प्लांटवर एक मामा आहेत. ते कोणाचे मामा आहेत ते ठाऊक नाही, पण तलावावर सगळे त्यांना मामाच म्हणतात. एकदा पाण्याला असा उग्र वास येत होता की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी कौतुकाने म्हटले, "मामा, आज क्लोरीन सढळ हाताने टाकलेलं दिसतंय. पाणी एकदम स्वच्छ!"

मामा काचेच्या दोन नळ्या उजेडाकडे धरून रंग बघत होते. एकीत पिवळा, दुसरीत गुलाबी. पिवळा फारच फिका होता. म्हणाले, "साहेब, वास येतोय म्हंजे क्लोरीन खर्ची पडलंय. चांगल्या पाण्याला असला वास नसतोय."

तीन वर्षे ज्या वासावर विश्वास ठेवून मी बिनधास्त गुळण्या केल्या, तो वास स्वच्छतेचा नव्हताच! मामांनी समजावून सांगितले ते माझ्या बीकॉमच्या डोक्यात असे उतरले : पाण्यात टाकलेले क्लोरीन दोन खात्यांत असते. एक मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळे. लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम एवढे शिल्लक राहिले म्हणजे तलाव सुखी. दुसरे संयुक्त. माणसांचा घाम, लघवी, अंगाचा मळ यांच्याशी त्याची गाठ पडते, त्यातून क्लोरामाइन नावाची मंडळी तयार होतात, आणि नाकाला झोंबतात, डोळे लाल करतात ती हीच. म्हणजे बुडीत कर्जच की हो! ताळेबंदात रक्कम दिसते, पण ती अडकलेली. उद्या कोणी दारात आला तर द्यायला गल्ल्यात काही नाही. संगमरवरी फरशी आणि झुंबर बघून ठेव ठेवणारा आणि वास घेऊन पाण्यात उतरणारा, दोघे एकाच जातीचे.

(तलावाच्या भिंतीवर 'आजचे मुक्त क्लोरीन १.५, पीएच ७.४' असा फळा आहे. हे आकडे ऑइलपेंटने रंगवलेले आहेत. आमच्या शाखेतली 'आपली तक्रार पाच मिनिटांत' ही पाटीही ऑइलपेंटचीच असल्यामुळे मी त्यावर काही बोलू शकत नाही.)

या विषयात मी खोल शिरलो तो एका फेसामुळे. गेल्या पावसाळ्यात मेहुण्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर झाला. तिथे एक जकूझी होती. जकूझी म्हणजे कढत पाण्याचा बुडबुडणारा हौद. आपल्याकडे पूर्वी बंबातले पाणी एकेकाला बादलीत काढून द्यायचे. श्रीमंत लोक सगळ्यांना एकदम बंबातच बसवतात. आम्ही पाच जण बसलो. वाढदिवसाचे जेवण झालेले, अंगावर अत्तर, डोक्याला तेल. दहा मिनिटांत पाण्यावर हा एवढा फेस! मेहुणा म्हणाला, "भावजी, मशीन बघा कसलं आहे! साबण न घालता फेस काढतंय."

घरी आल्यावर कुतूहल म्हणून वाचले. साबण घातलेला होता. आम्हीच घातला होता. कातडीला लागून राहिलेला साबण, तेल, क्रीम, घाम, आणि तळातून सोडलेली हवा, यांचा तो फेस. कारकुनाचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. आमचा तलाव पंचवीस मीटर लांब, दहा रुंद, सरासरी दीड मीटर खोल धरा. झाले पावणेचार लाख लिटर. साठ जणांच्या बॅचला माणशी सव्वासहा हजार लिटर. आणि त्या हौदात दीड हजार लिटर पाणी पाच जणांत : माणशी तीनशे. शिवाय पाणी चाळीस अंशांच्या आसपास तापलेले, म्हणजे घाम जास्त आणि क्लोरीन लवकर उडणार. मेहुण्याचे आणि माझे संबंध घरोब्याचे आहेत, पण इतकेही नाहीत.

त्याच वाचनात कॅनडा भेटला. २०१७ साली तिथल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक नामी युक्ती काढली. डाएट कोल्ड्रिंकमध्ये एसेसल्फेम नावाचा साखरेवाचूनचा गोडवा असतो. तो पोटात पचत नाही. जसा आला तसा मूत्रमार्गाने बाहेर पडतो. तेव्हा तलावातला गोडवा मोजला की हिशेब लागला! दोन शहरांतले ३१ तलाव आणि टब तपासले. एकही कोरा निघाला नाही. ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात अंदाजे ७५ लिटर निघाली, आणि एका हॉटेलच्या गरम टबात तर सर्वांत वाईट तलावाच्या तिपटीहून जास्त गोडवा. ऑलिंपिकची तेवीस सुवर्णपदके मिळवणारे मायकेल फेल्प्स यांनी तर २०१२ सालीच जाहीर कबुली दिली होती की तलावात सगळेच करतात, आणि क्लोरीन ते निस्तरते. पोहण्यात त्यांना बोलायची आपली प्राज्ञा नाही. रसायनशास्त्रात मात्र मामा बरोबर आहेत : क्लोरीन ते निस्तरते म्हणजेच खर्ची पडते.

आता ८ लाख ३० हजारांत ७५ म्हणजे किती? हजार रुपयांत नऊ पैसे. नऊ पैशांसाठी कोणी पासबुक भरायला येत नाही. इथेच मला प्रश्न पडला, आणि तो मला अजून सोडत नाही. चूक इतकी पातळ झाली की कोणाच्या खात्यावर दिसेना, तर ती चूक राहते का?

बँकेत याचे उत्तर सोपे आहे. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर कोणी घरी जात नाही. मग फरक लाखाचा असो की दहा रुपयांचा. कारण प्रत्येक नोटेमागे एक स्लिप आहे, स्लिपवर सही आहे. पाण्याचे तसे नाही. पाणी सगळ्यांची भरणा मुकाट्याने घेते, पण काउंटरफॉइल देत नाही. त्यामुळे होते काय, की ज्याला त्याला आपली भरणा शून्य वाटते आणि तलावाची सगळी घाण इतरांची.

आमच्या बॅचला एक निवृत्त अधिकारी आहेत. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो. "मी घरूनच आंघोळ करून येतो" असे म्हणून ते शॉवरकडे ढुंकूनही बघत नाहीत. आंघोळीनंतर ते अंगाला खोबरेल चोळतात आणि मग पाण्यात उतरतात. त्यांच्यामागे इंद्रधनुष्यी तवंगाचा पट्टा संथपणे पसरत जातो. तर एक दिवस तलावाच्या काठावर बसून, पाय पाण्यात सोडून भाऊसाहेब म्हणाले, "पूर्वी इथे चांगली माणसं यायची हो. आता फी कमी ठेवल्यामुळे कुणीही येतं. पाणी घाण होणार नाही तर काय!"

मी हसून मान डोलावली. मान डोलावणे हा आमच्या व्यवसायाचा भाग आहे. पण घरी जाताना त्यातला 'कुणीही' सायकलच्या चेनसारखा कुरकुरत राहिला. आपल्याकडे पाणी कशाने बाटते याचा हिशेब कधी पाण्याकडे बघून झालेलाच नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. कोणाची हरकत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसे ते पाणी प्यायली, तेव्हा ते बाटले. मग ते 'शुद्ध' करायला शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या गेल्या. मामांची पिवळी नळी त्या आधी आणि त्या नंतर त्या पाण्यात बुडवली असती, तर तळे कोणी घाण केले हे काचेत दिसले असते. सत्याग्रहींच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. नाकाला क्लोरामाइन कळत नाही आणि मनाला माणूस कळत नाही. भाऊसाहेबांना त्या दिवशी मी हे सांगायला हवे होते. मी मान डोलावली.

माझ्या आजोबांच्या घोट्याजवळ एक जुना वळ होता. लहानपणी मी विचारले की म्हणायचे, "नारूचा आहे तो." नारू म्हणजे हातभर लांबीचा दोऱ्यासारखा किडा, पायातून बाहेर निघे. गावात पायऱ्यांची विहीर होती, सगळे गाव तीत उतरून पाणी भरे. नारू निघायला लागला की पायाची आग आग होते. मग माणूस काय करणार? पाय गार पाण्यात धरणार. पाय पाण्यात गेला की किडा त्यात अळ्या सोडतो, त्या अळ्या पाण्यातले बारीक पिसवांसारखे जीव गिळतात, ते जीव पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि वर्षभराने त्याच्या पायातून नारू डोके काढतो. वर्षभराने! कोणाला आठवणार की मागल्या उन्हाळ्यात पायरीवर कोण बसले होते? बसणाऱ्याच्या मनात काही पाप नव्हते. त्याला पायाची आग शमवायची होती, बस. अशा विहिरी बंद केल्या, पाणी गाळून प्यायला शिकवले, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आजोबा त्याआधीच गेले. आपला नारू कोणाचा आणि आपण तो कोणाला दिला, हे दोन्ही न कळता गेले.

आजोबांची गोष्ट मी उगाच काढलेली नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे लोणावळ्याच्या आधी, आमच्या शाखेतल्या एकांचा निरोपसमारंभ झाला. बासुंदी होती. बासुंदीनेही मला निरोप दिला, तो दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी पोट जाग्यावर आले. चौथ्या दिवशी पहाटे मी पिशवी भरू लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, चार दिवस दम धरा की."

मी म्हटले, "पास वाया जातोय."

पासचा हिशेब मी केलेला होता. दिवसाला सव्वीस रुपये पडत होते. त्या सुट्टीत माझी अकरा वर्षांची लेकही माझ्याबरोबर येई. ती शिकाऊ बॅचला उथळ बाजूला, मी खोल बाजूला. मधे एक दोरी. दोरीला पाणी अडत नाही, हे तेव्हा डोक्यात आले नाही. त्या दिवशीही शॉवरखाली मी तीर्थच घेतले. लेकीने विचारले, "बाबा, नीट घेतला का शॉवर? आमचे सर ओरडतात." मी म्हटले, "हो."

नऊ-दहा दिवसांनी शिकाऊ बॅचमधली चार-पाच मुले येईनाशी झाली. जुलाब. एक तर लेकीची मैत्रीणच. तिला दोन दिवस सलाइन लावावे लागले. मुले सगळी बरी झाली, हे आधीच सांगून टाकतो. पण आईबाप खवळले. तलावाच्या फाटकाशी एक गोळेवाला गाडी लावायचा. पोहून आलेली पोरे ओल्या केसांनी त्याच्याभोवती जमायची. काला खट्टा, रोझ, ऑरेंज. बर्फ कुठला, पाणी कुठले, कोणाला ठाऊक? सगळ्यांची बोटे एकदम त्याच्याकडे वळली. भाऊसाहेब म्हणाले, "मी सांगत नव्हतो? कुणीही येतं." अर्ज द्यायचे ठरले. आता अर्ज म्हटला की माणसे बँकवाल्याकडे बघतात. मसुदा मी लिहिला. चांगला झाला होता. 'सदर इसमाकडील बर्फ अपायकारक असण्याची दाट शक्यता असून' हे वाक्य वाचून भाऊसाहेबांनी माझी पाठ थोपटली. खाली चाळीस सह्या झाल्या, पहिली माझी. चौथ्या दिवशी गाडी हलली.

आणि मग पावसाळ्यात तो फेस आला. वाचता वाचता एका जागी मी अडखळलो. क्लोरीन बहुतेक जंतू मिनिटांत मारते, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परोपजीवी आहे, तो व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त तग धरतो. जुलाब थांबले तरी माणसाच्या अंगातून तो पुढे दोन आठवडे बाहेर पडत राहू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या रोगनियंत्रण खात्याची सूचना अशी, की त्या दुखण्यानंतर दोन आठवडे पाण्यात उतरू नका. आणि उतरण्याआधी मिनिटभर अंग धुवा. अंगावरचे बहुतेक सगळे त्या मिनिटात निघून जाते.

एक मिनिट. मी नोटांची शंभरी मोजायला त्याहून कमी वेळ घेतो, ही गोष्ट वेगळी.

आता मला तो परोपजीवी झाला होता का? ठाऊक नाही. तपासणी केली नाही. बासुंदीची तपासणी कोण करतो? मुलांना माझ्यामुळे झाले का? ठाऊक नाही. गोळ्याच्या बर्फामुळे झाले असेल, कोणा तिसऱ्याच पोराकडून झाले असेल. सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, "कशाला नस्तं डोक्यात घेता? सिद्ध कुठं झालंय?" खरे आहे. पण गोळेवाल्याचे तरी कुठे सिद्ध झाले होते? चाळीस सह्यांना पुरावा लागला नाही, आणि एका सहीवाल्याला मात्र संशयाचा फायदा हवा आहे. आमच्याकडे जी नोंद कुठल्याच खात्याला लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. नियम असा, की ती तिथे मुक्कामाला राहता कामा नये. शोधून निकालात काढली पाहिजे. तिथे वर्षानुवर्षे पडून राहिलेली नोंद बघितली की ऑडिटर पहिला प्रश्न विचारतो, "ही टाकली कोणी?"

आता मी शॉवरखाली उभा राहतो. साबण नेतो. पहिल्या दिवशी मी मिनिटभर आत राहिलो तेव्हा बाहेर तिघे जण खोळंबले, आणि भाऊसाहेबांनी मामांना विचारले, "यांच्या घरी पाणी येत नाही की काय?" मामांनी नुसते माझ्याकडे पाहिले आणि नळी उजेडाला धरली.

गोळेवाला मला दिवाळीनंतर सापडला. एसटी स्टँडच्या मागे, गॅरेजच्या रांगेत गाडी लावून उभा होता. मी लेकीला घेऊन आलो होतो. त्याने तिला ओळखले. "तलाववाली ताई ना तुम्ही?" म्हणाला. धंदा कसा काय, विचारले. "चाललंय साहेब. तिथं बरं होतं. पोरं असायची." बर्फ किसता किसता तोच पुढे म्हणाला, "कुणीतरी अर्ज दिला म्हणे. अक्षर लई चांगलं होतं म्हणतात."

मी पन्नासची नोट काढली. त्याने लेकीच्या गोळ्यावर काला खट्टा दुसऱ्यांदा ओतला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि उरलेले तीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. मी सवयीने परत मोजले. बरोबर होते.

थोडे पुढे गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, हे काका तलावावरून इकडे का आले?"

"इथे गिऱ्हाईक जास्त असेल," मी म्हटले.

तिने मागे वळून बघितले. गाडीपाशी कोणी नव्हते.